पुरे झालं पाणी!

मी चारुलताबाईंच्या घरातलं सक्युलंट बोलतोय. गेले दहा महिने मनातल्या मनात एकच शब्द ओरडतोय: पुरे! आज तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म पुण्याकडच्या एका रोपवाटिकेत झाला, तोही एका गळून पडलेल्या पानापासून. जाडजूड पानं, कमळासारखी मांडणी, गुलाबी कडा, मध्ये जांभळट झाक. पाणी मी पानांतच साठवतो. त्यामुळे मला ऊन हवं, वारा हवा आणि पाणी कधीतरी. यापलीकडे माझं काही मागणं नाही.

धुळ्यातल्या एका रोपांच्या प्रदर्शनात दिपमालानं मला घेतलं. ती नर्सिंग शिकायला नाशिकला निघाली होती. जाताना माझी कुंडी आईच्या हातात देत म्हणाली, "आई, पंधरा दिवसांतून एकदाच पाणी. लाड करू नकोस."

"बरं बाई, तू निश्चिंत जा," चारुलताबाई म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या डोक्यावर तांब्याभर पाणी! तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

मार्चमध्ये ऊन तापलं, तशी मला गॅलरीतून उचलून टीव्हीशेजारी ठेवलं, थेट कूलरच्या ओल्या वाऱ्यात. अहो, मी उन्हासाठीच जन्मलोय! माझा रंग उतरला. उजेड शोधता शोधता मान लांबली. चारुलताबाईंना वाटलं, उपाशी आहे. त्यांनी वर चहाचा चोथा घातला.

लेकीचंही तेच. सकाळी फोन, दुपारी फोन. "जेवलीस का? पाणी पितेस ना?" एकदा दिपमाला वैतागली. "आई, मी वॉर्डात असते गं. दिवसातून पाच-पाच फोन नको करूस."

चारुलताबाईंनी फोन खाली ठेवला, डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे आल्या. त्या दिवशी मला दोन तांबे मिळाले. राग तरी कसा धरणार? पण मुळं माझी कुजत होती.

मे महिन्यात शिंदखेड्याहून त्यांच्या सासूबाई, धुरपदाबाई आल्या. माझी खालची पानं पारदर्शक होऊन गळत होती. म्हातारीनं एक पान बोटांत दाबलं.

"हाई तहानघाई नही, पानीघाई मरी राह्यनं. कपाशी बी इतलं पानी पेत नही, बाई!" मी तहानेनं नाही, पाण्यानं मरतोय, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

"मी काय मुद्दाम केलं का, आत्याबाई? इतका जीव लावला त्याला."

"जीव लाव ना. पन त्याले जगू बी दे."

त्यांनी विळी घेतली आणि माझा शेंडा कचकन कापला. चारुलताबाईंनी तोंड फिरवलं. खालचा दांडा काळा पडला होता, तो फेकला गेला. मी उरलो तो मूठभर शेंडा. पाच दिवस सावलीत, कागदावर कोरडा पडून होतो. खरं सांगू? आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस ते. कुणी पाणी पाजलं नाही!

मग वाळू मिसळलेल्या मातीत मला रोवलं. महिनाभरात बारीक मुळं फुटली. आता मी पुन्हा गॅलरीत आहे आणि तीन पानांच्या कडा गुलाबी झाल्यात.

पण उद्या धुरपदाबाई गावी परतणार. सकाळपासून चारुलताबाईंच्या माझ्याकडे चार चकरा झाल्या.

चारुलताबाई, तांब्या उचलण्याआधी मातीत एकदा बोट घालून बघा. ओली लागली, तर नुसत्या शेजारी बसा. तेवढं मला पुरतं.