वडील हयात असताना मिशी

गुरुमूर्तीबुवांच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायचं नसतं, हे चेन्नईच्या वेलचेरीत नव्यानं आलेल्यांनाही लवकरच कळतं. बुवांचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला. लहानपणी कुणा डॉक्टरनं गोणी शिवावी तसा तो शिवला, पण 'पांडुरंग' म्हणताना डावीकडून अजून वारा सुटतो आणि वाऱ्याबरोबर थोडं तीर्थही. वर झुपकेदार मिशी, म्हणून दिसत नाही एवढंच. आवाज मात्र असा, की वाटावं, देवानं गळा अगदी मन लावून घडवला, आणि ओठाशी आला तेव्हा त्याची नैवेद्याची वेळ झाली.

यंदा बुवांची भाची लावण्या सर्जन होऊन चेन्नईला परतली. तिचं मराठी तमिळच्या आधारानं चालतं, पण हात कुणाच्या आधारानं चालत नाहीत.

"मामा, तेव्हा कातडी कातडीला जोडायचे. आतला स्नायू तुटकाच राहायचा. आता आधी तो जोडतो, मग कातडी. व्रण नाकाखालच्या उभ्या रेघेत लपतो. वय झालं तरी परवाइल्ले, काही बिघडत नाही. सोमवारी करू. मिशी काढून या."

कीर्तनात साक्षात यमाशी हुज्जत घालणारे बुवा 'मिशी' ऐकून गार पडले.

"अप्पा आहेत गं अजून."

"आहेत तर चांगलंच की!"

"आमच्यात बाप गेल्यावरच मिशी उतरते."

"मामा, मिलिमीटरनं खुणा करायच्या असतात. जंगलात कुठे करू?"

अप्पा म्हणजे एकोजीराव. वय एक्क्याण्णव, रेल्वेतून निवृत्त, जिभेला मात्र अजून निवृत्ती नाही. त्यांच्याशी बोलायला बुवांनी बायकोला पुढे केलं.

"मी फोटो होऊन भिंतीवर लागलो की खुशाल काढ म्हणावं," अप्पा म्हणाले.

"तोवर थांबता कुठे येतंय! सोमवारी ऑपरेशन आहे," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या.

"मग काय, लवकर मरू?"

"असं कुठे म्हटलं मी? तुम्ही नुसतं हो म्हणा."

"नाही म्हणतो."

बुवा त्या रात्री जेवले नाहीत. "चाळीस वर्षं पांडुरंगाचं नाव घेतोय," ते बायकोला म्हणाले, "एकदा तरी न सांडता घ्यायचंय."

रविवारी सकाळी ते गुपचूप न्हाव्याकडे गेले. न्हाव्यानं वस्तरा उचलण्याआधी हात जोडले आणि हळूच विचारलं, "अप्पा कधी?" बुवांनी नुसती मान हलवली. न्हाव्यानं त्यातून हवा तो अर्थ घेतला.

परतताना लिफ्टमध्ये गजेंद्र भेटला. हा नाशिकहून बदलून आलेला बँकवाला. बुवांची मिशी नाही आणि तोंडावर रुमाल, एवढं पाहून त्यानं मान खाली घातली. बुवा काही बोलायच्या आत दार उघडून तो बाहेरही पडला. बुवा घरी पोचून चप्पल काढतात तोवर सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

थोड्या वेळानं बेल वाजली. अप्पांनी दार उघडलं. बाहेर हार घेऊन गजेंद्र, मागे चार-पाच गंभीर चेहरे.

"अप्पा... तुम्ही?"

"मग कोण हवं होतं?"

"नाही, म्हणजे... तुम्ही गेलात ना?"

"कुठे? सकाळपासून घरीच आहे. फिल्टर कापीसुद्धा इथंच प्यालो."

मग अप्पा सावकाश वळले. स्वयंपाकघराच्या दारात बुवा रुमाल धरून उभे होते.

"काढ तो."

रुमाल खाली आला. बुवा कॉलेजात जायला लागले तेव्हा याच अप्पांनी सांगितलं होतं, 'केस येताहेत ना ओठावर? वाढू दे. लोक हसतात.' त्यानंतर तो ओठ अप्पांनी पाहिलाच नव्हता. आता त्यांनी चष्मा लावला, अगदी जवळ आले आणि अंगठ्यानं तो व्रण चाचपला.

"एवढंच होतं?"

त्रिपुरसुंदरीबाईंनी गॅस बंद केला. दारातली मंडळी निघावं की थांबावं, या पेचात तशीच उभी.

"एवढ्यासाठी मी तुला..." अप्पांनी वाक्य सोडून दिलं. मग एकदम गजेंद्रवर खेकसले, "तो हार काय परत नेणार? आण इकडे!"

हार त्यांनी स्वतःच गळ्यात घातला.

"झालं. गेलो मी. आता मेलेल्याला कोण विचारतंय? उद्याची ऑटो सांगून ठेवा."

सोमवारी हॉस्पिटलात लावण्या बुवांच्या ओठावर निळे ठिपके काढत होती, तेव्हा कालचा सुकलेला हार घालून अप्पा तिच्या खांद्यावरून डोकावत होते.

"डावीकडचा जरा वर गेलाय."

"ताता, बाहेर बसा," लावण्यानं आजोबांना बजावलं.

"मेलेल्याला बाहेर काढतेस?"

"जिवंतांनाही काढते. चला."

बाहेर बाकावर समुद्रकाठच्या एन्नोरची एक तरुण कोळीण बसली होती. मांडीवर तान्हं मूल, त्याच्या तोंडावर साडीचा पदर. कुणी जवळून गेलं की ती पदर आणखी खाली ओढायची. अप्पा शेजारी बसले. ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा लागला, तरी ते पदराकडेच बघत राहिले. शेवटी तमिळमध्ये म्हणाले, "झाकू नकोस, अम्मा. ज्यानं काम अर्धवट सोडलं, त्याला दिसू दे. लाज त्याला वाटायला हवी."

तिनं आधी हाराकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. मग पदर थोडा सरकवला. आतला इवला ओठही बुवांसारखाच दुभंगलेला. मुलानं उजेडाला डोळे मिचकावले आणि ते जोरात शिंकलं, थेट अप्पांच्या चष्म्यावर.

"घे," अप्पा चष्मा न पुसताच म्हणाले, "हाही बुवा होणार."