ज्वारीच्या कोठीतला चष्मा

मित्रांनो, उमापूरच्या विठ्ठलरावांनी पाठवलेल्या एका पत्राला नांदूरघाटच्या सिद्धारामअप्पांनी चार महिने उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षांच्या पत्रव्यवहारात असं कधी झालं नव्हतं. उत्तर का गेलं नाही, हे माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. मी एक जुना चष्मा आहे. अप्पांच्या नाकावर माझी बावीस वर्षं गेली. मला हे नीट सांगता येईल का, याची खात्री नाही. आजवर मी दुसऱ्याला दाखवत आलो, स्वतः बोलायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

बीडच्या एका लहानशा दुकानात माझ्या काचा घासल्या गेल्या. दुकानदारानं अप्पांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. अप्पांनी ती वाचली, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं, आणि शेजारी टांगलेली दिनदर्शिकाही वाचायला घेतली. दुकानदार हसून म्हणाला, "बास, अप्पा. नंबर कळला."

अप्पांचं किराणा दुकान होतं. पुडी बांधायला रद्दी यायची आणि अप्पा प्रत्येक पान वाचून मगच त्याची पुडी बांधायचे. गिऱ्हाईक खोळंबून राहायचं. एखादी गोष्ट पानाच्या तळाशी अर्धी तुटली, की अप्पांना जेवण गोड लागायचं नाही. एकदा त्यांनी शेजारच्या छबुबाईला विचारलं, "छबुबाई, परवाच्या जिऱ्याच्या पुडीचा कागद ठिवलाय का गं? त्यातली गोष्ट ऱ्हायलीय."

"कागद चुलीत गेला, अप्पा. अन् जिऱ्यात खडे निघाले, त्येची गोष्ट सांगू का?"

दुकानात हशा पिकला. अप्पा लाजले आणि मला पुसू लागले. लाज वाटली की ते मला पुसायचे. त्यामुळे मी नेहमी लख्ख असायचो.

फोनवर अप्पांची जीभ टाळ्याला चिकटायची. पण पत्रात ते मोकळे व्हायचे. शाळासोबती विठ्ठलराव मास्तर होऊन उमापूरला गेले, तेव्हापासून दोघांची पत्रं चालू होती. काय वाचलं, काय आवडलं, कुणाचं अक्षर बिघडलं, सगळं त्यात असायचं. ती पत्रं वाचताना आणि लिहिताना मी अप्पांच्या डोळ्यांवर असायचो. ते माझे फार चांगले दिवस होते.

मग अप्पांना शौचातून रक्त पडू लागलं. असली गोष्ट कुणाला सांगायची, म्हणून ते गप्प राहिले. शेवटी आठवडी बाजारातल्या एका औषधवाल्याकडे गेले. त्यानं न तपासताच मूळव्याध ठरवली आणि पुड्या दिल्या. सात महिने अप्पांनी त्या ताकातून घेतल्या. धोतर सैल होत गेलं. मी नाकावरून घसरायला लागलो, कारण गालच उरले नव्हते.

तेव्हा कुठे मुलगा रामेश्वर त्यांना बीडला घेऊन गेला. नळी घालून आतडं तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, पोटाचे फोटो झाले. आठ दिवसांनी डॉक्टरांनी रामेश्वरला एकट्यालाच आत बोलावलं. अप्पा बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरच्या सूचना वाचत होते. मीही त्याच वाचत होतो. रामेश्वर बाहेर आला तेव्हा फाईल त्याच्या काखेत घट्ट दाबलेली होती.

"काय म्हणले?"

"काय न्हाई, अप्पा. आतड्याला सूज हाय. पथ्य पाळायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांचा डोळा लागला. मी उशाशी होतो. रामेश्वर आणि त्याची आई महादेवी स्वयंपाकघराच्या दारात हळू बोलत होती. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत गेलाय, आता घरी न्या आणि हवं ते खाऊ घाला, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्याकडे असा रोग निघाला, की तो सगळ्यांना सांगतात, फक्त ज्याला झालाय त्याला सांगत नाहीत. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्याला माया म्हणतात.

"फाईल कुठं ठिवू?" रामेश्वर म्हणाला.

"कुठंबी ठीव, हुडकतेत. कागद दिसला की वाचल्याबिगर ऱ्हात्यात का त्ये?" महादेवी म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "चष्माच नगं ठिवायला."

तिनं मला उचललं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून खाली पुरलं. तिचा हात थरथरत होता. ती रडत होती, हेही मला कळत होतं. तरीही तिनं झाकण लावलं.

अप्पांना सांगितलं, की दांडी मोडली, बीडला दुरुस्तीला दिलाय.

मित्रांनो, मी तिथे दहा आठवडे होतो. माझ्या काचांना अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं, पण कोठी अप्पांच्या खाटेजवळच होती, म्हणून ऐकू यायचं. माणसं शहाळी घेऊन यायची, अप्पांशी पाऊसपाण्याचं बोलायची आणि दारात जाऊन उसासे टाकायची. अप्पा रोज विचारायचे, "रामेश्वर, चष्म्याचं काय झालं?" आणि रोज एक नवं कारण निघायचं. माझ्या नावानं खोटं बोललं जात होतं, आणि मी पाच हातांवर पडून होतो.

तिसऱ्या आठवड्यात विठ्ठलरावांचं निळं अंतर्देशीय पत्र आलं. अप्पांनी ते रामेश्वरला वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं, की सगळं क्षेम आहे, नारायणगडावर जाऊन आलो, कापूस बरा आहे, तब्येतीला जप.

"एवढंच?" अप्पांनी विचारलं.

"एवढंच हाय."

अप्पा हिरमुसले. आपण आजारी पडलो आणि विठ्ठल कापसाचं लिहितो, याचं त्यांना वाईट वाटलं. उत्तर लिहायला चष्मा नव्हता, आणि मनातलं दुसऱ्याकडून लिहून घ्यायची त्यांना लाज वाटायची. पत्र त्यांनी उशीखाली ठेवलं. वाचता येत नव्हतं, तरी मित्राचं अक्षर जवळ असावं एवढंच.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सून वर्षाराणी दळणाला ज्वारी काढत होती. वरची ज्वारी संपली होती आणि तिनं माप खोलवर घातलं. मी त्या कापडासकट वर आलो. तिला बिचारीला चष्मा लपवल्याचं काही ठाऊक नव्हतं. तिला खरंच आनंद झाला.

"अवं मामा! तुमचा चष्मा सापडला की! कोठीत कावून ठिवला कुणी?"

परातीत भाकरी थापणाऱ्या महादेवीचा हात तसाच थांबला.

अप्पांनी मला डोळ्यांवर चढवलं. उशीखालचं पत्र काढलं. मीही ते पत्र तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. कापसाची एक ओळ होती. बाकी सगळं असं होतं:

"सिद्धाराम, गडावर तुमच्या गावचा तात्याबा भेटला. तुझ्या आजाराचं त्याच्याकडून कळलं. मला सहा वर्षांपूर्वी हाच रोग झाला होता. तुला कळवलं नाही. लाज वाटली. मलाही पहिल्या डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. एकाच्या शब्दावर घरी बसू नको. दुसऱ्याला दाखव, जमलं तर तिसऱ्याला. कॅन्सरचंच काम करणारा डॉक्टर बघ. सगळे कागद घे, पोटाच्या फोटोंच्या सीडीच्या चकत्या घे, आणि तपासायला काढलेल्या तुकड्याचा नमुना बीडहून मागून घे. तो तुझा आहे, ते देतात. कुणाला दाखवलंस, काय म्हणाले, लगेच कळव. मी वाट बघतो."

अप्पांनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या काचांवर पाणी पडलं. संध्याकाळी रामेश्वर दुकानातून आला.

"हे तू वाचलं हुतंस?"

रामेश्वरनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "व्हय."

"मग?"

"तुमी हाय खाल्ली असती, अप्पा. डॉक्टर म्हणले, काय उपेग न्हाई. म्हणलं, हाय तितके दिवस तरी सुखानं..."

"कुणाचे दिवस, बे?" अप्पांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. "तात्याबाला ठाव. छबुबाईला ठाव. शहाळं घिऊन आलेल्या दर माणसाला ठाव. मी तेवढा यडा. माझीच गोष्ट तुमी पुडीत बांधली."

महादेवी पुढे झाली. "चष्मा म्या लपिवला. त्याला बोलू नगा."

अप्पा तिच्याकडे पाहतच राहिले. पंचेचाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्याकडे. मग त्यांनी मला काढलं, हातात धरलं आणि न पुसताच बाजूला ठेवलं. खरं सांगतो, त्या वेळी मला कोठीत परत जावंसं वाटलं. मी काही केलं नव्हतं. पण फसवणूक माझ्या नावावर झाली होती.

चार दिवस अप्पा घरात कुणाशी बोलले नाहीत. विठ्ठलरावांना पत्र लिहायला बसले. 'प्रिय विठ्ठल' एवढं लिहिलं आणि थांबले. सहा वर्षं त्यानंही लपवलं होतं. महिन्याला एक पत्र यायचं, त्यात पुस्तकं होती, पाऊस होता, आणि हे नव्हतं. त्यांनी कागद फाडला. मग स्वतःवरच शंका घेऊ लागले. आपण भित्रेच आहोत, म्हणून सगळे आपल्यापासून लपवतात का, असं एकटेच पुटपुटले. मला उत्तर देता आलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

पाचव्या दिवशी ते म्हणाले, "फाईल आण."

रामेश्वरनं ती लोखंडी कपाटातून आणली. अप्पांनी पान अन् पान वाचलं. कळत नव्हतं तेही वाचलं. मग रामेश्वरला बीडला पाठवून तुकड्याचा नमुना मागवला. आधी अंबाजोगाईला गेले. तिथले डॉक्टर कागद पाहून म्हणाले, "हे माझ्या हातातलं काम नाही. पण कुणाच्याच हातातलं नाही, असं मी म्हणणार नाही. लातूरला जा." त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून दिलं.

लातूरच्या बाईंनी फोटो उजेडावर धरले आणि सवयीनं रामेश्वरकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर येता का?"

अप्पांचे कान लाल झाले. अनोळखी बाईसमोर तोंड उघडायचं म्हणजे त्यांना केवढं संकट! पण ते बोलले. "बाई, मला सांगा. पोट माझं हाय. त्येला बसू द्या इथंच, ऐकंल."

बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "रोग पुढे गेलाय, अप्पा. बीडच्या फोटोत यकृतावर दोन डाग होते. काल काढलेल्या फोटोत तीन आहेत. पण तिन्ही एकाच बाजूला आहेत. आधी सलाईनमधून औषध देऊ. डाग आकसले तर ऑपरेशनचा विचार करता येईल. बरे व्हालच, असं सांगणार नाही. उपाय नाही, असंही सांगणार नाही."

"आन त्या दोनाचे तीन... मधी आलो असतो तर?"

बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. "लवकर आला असतात तर बरं झालं असतं. किती, ते मला सांगता येणार नाही."

रामेश्वर उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अप्पांनी त्याला जवळ बोलावलं नाही. खुर्चीतून उठवायला त्यानं हात दिला, तेव्हा तो मात्र धरला.

सलाईन सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी लातूर. तोंडाची चव गेली, पाय जड झाले. त्या औषधानं गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. थंडीचे दिवस होते आणि माझ्या दांड्या पितळी. सकाळी अप्पा मला उचलायचे आणि हात झटकून मागे घ्यायचे. बावीस वर्षांत माझा स्पर्श त्यांना कधी नकोसा झाला नव्हता. वर्षाराणीनं ते पाहिलं आणि माझ्या दोन्ही दांड्यांना लोकर गुंडाळून दिली. मी आता चमत्कारिक दिसतो. पण अप्पांना धरता येतो.

चार सलाईनी झाल्यावर पुन्हा फोटो काढले. तिन्ही डाग होते, पण आधीपेक्षा लहान. ऑपरेशनचं पुढच्या महिन्यात ठरवू, असं बाई म्हणाल्या. त्याहून अधिक मला ठाऊक नाही आणि अप्पांनाही नाही. पण जेवढं बाईंना ठाऊक आहे, तेवढं आता अप्पांनाही आहे.

मित्रांनो, मी साधी काच आहे, उपदेश करायची माझी पात्रता नाही. तरी एक मागणं मागतो. तुमच्या घरी कुणी आजारी पडलं, तर त्याला औषध द्या, मऊ भात द्या, आणि त्याचे कागद त्याच्या हातात द्या. तो रडेल, घाबरेल. त्याच्याजवळ बसा. पण मायेपोटीसुद्धा त्याचा चष्मा लपवू नका. महादेवीची माया खोटी नव्हती, हे मी तिच्या हाताच्या थरथरीवरून सांगतो. पण तिसरा डागही खोटा नव्हता.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी अप्पांनी हातमोजा घातला आणि पत्र लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"विठ्ठल, तू सहा वर्षं लपवलंस. माझ्या घरच्यांनी दहा आठवडे लपवलं. कुणाचा जास्त राग येतो ते अजून ठरलेलं नाही. तो गेला की कळवीन. तू विचारलं होतंस, कुणाला दाखवलं. अंबाजोगाईला एकाला आणि लातूरला एकीला. रोग यकृतात आहे. उपचार चालू आहेत. तुलाही बोटांना सुया टोचत होत्या का? कशानं कमी झालं? या वेळी सगळं लिही."

त्यांनी घडी घातली, कडा चिकटवल्या. रामेश्वर दारात उभा होता. त्यानं हात पुढे केला. "द्या अप्पा, मी टाकतो. गार वारं हाय भाईर."

अप्पांनी पत्र दुसऱ्या हातात घेतलं.

"न्हाई. मीच टाकणार."

रामेश्वर बाजूला झाला. अप्पा निघाले. घरापासून पोस्ट शंभर पावलांवर आहे, पण त्या दिवशी ते तीनदा थांबले. रामेश्वर दहा पावलं मागून येत होता. त्यांनी त्याला परत जा म्हटलं नाही आणि मागे वळूनही पाहिलं नाही. लाल पेटीशी आल्यावर त्यांनी मला नाकावर वर सारलं, उमापूरचा पत्ता ओठांतल्या ओठांत एकदा वाचला, आणि पत्र आत टाकलं.