गोधडीतल्या कागदाचा हेवा

मी एक डबी बोलतेय. माझ्या खोक्यावर 'हार्डवेअर वॉलेट' असं छापलेलं होतं, पण वेल्ह्यातल्या या घरात पहिल्या दिवसापासून मला डबीच म्हणतात. अंगठ्याएवढी मी, नखाएवढा पडदा आणि दोन बटणं. क्रिप्टोची, म्हणजे संगणकावरच्या पैशांची, किल्ली पोटात सांभाळायची, एवढंच माझं काम. आणि आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव चांगला नाही. दुसऱ्याचं कौतुक झालेलं मला सोसत नाही.

माझा मालक सोमनाथ. परदेशात संगणकाचे खेळ बनवणारी एक कंपनी आहे, तिला तो घरबसल्या डोंगर, कडे आणि बुरूज काढून देतो. खिडकी उघडली की समोर तोरणा, त्यामुळे नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. कंपनी त्याला बिटकॉइनमध्ये पैसे देते. घरखर्चापुरते मोडून उरलेले तो साठवत होता, आणि ते कशासाठी हे साऱ्या घराला पाठ होतं. त्याची बायको प्रेरणा नसरापूरला दुसऱ्याच्या लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. सकाळच्या एसटीने ती जाते, आणि वेल्ह्याचेच पेशंट त्याच एसटीत तिच्या मागच्या बाकावर बसून रक्त द्यायला येतात. तिला वेल्ह्यातच स्वतःची लॅब काढायची होती. बाजारातला गाळासुद्धा बघून ठेवला होता.

मी येण्याआधी ते बिटकॉइन एका कंपनीच्या मोबाईल ॲपवर, तिच्याच ताब्यात होते. सोमनाथला त्याची धास्ती वाटायला लागली, तेव्हा तो भोरला वसीमकडे गेला. वसीम त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, भोरच्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे त्याचं. माझी निवड त्या दुकानात, पातेल्यांच्या उतरंडीशेजारी झाली. हे सगळं सोमनाथने घरी इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे असल्यासारखंच वाटतं मला.

"सवताच्या मोबाईलमधी बी ठिवू नको," वसीम म्हणाला. "माझा मोबाईल भाटघरच्या पाण्यात पडला, त्याच्यासंगं सगळं गेलं. परत मिळवायला लागत्यात ते शब्दच लिहून ठिवले नव्हते म्या."

"मग ॲपवाल्यांकडंच ऱ्हाऊ दे की."

"किल्ली त्यांच्याकडं, तर माल बी त्यांचाच. उद्या त्यांनी कुलूप घातलं तर कुणाच्या दारात बसणार तू? डबी घे. पण कुणाची वापरलेली घेऊ नको, कितीबी स्वस्त मिळू दे. बनवणाऱ्याकडनंच मागव, सील बघून घे. अन् ती जे शब्द दाखवंल ते कागदावर लिही. फोटो काढायचा न्हाई, व्हॉट्सॲपवर टाकायचे न्हाईत."

असं पारखून, विचारून मला आणलं गेलं. कुरिअर आलं तेव्हा सोमनाथने माझं सील मोबाईलच्या उजेडात तीन-तीनदा तपासलं. इतक्या प्रेमाने मला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

त्याच दुपारी त्याने मला संगणकाला जोडलं. मी माझ्या पडद्यावर चोवीस शब्द एकेक करून दाखवले, एकदाच; परत दाखवायची माझ्यात सोय नाही. साधेच इंग्रजी शब्द, पण त्या क्रमाने दुसऱ्या कुणाकडे नसलेले. माझं सगळं गुपित ते. सोमनाथने ते शंभरपानी वहीच्या एका पानावर निळ्या बॉलपेनने उतरवले. तिथेच माझ्या नशिबाला दृष्ट लागली.

"म्हंजे पैसं ह्या डबीत हायेत?" त्याच्या आईने, बनाबाईंनी विचारलं.

"डबीत न्हाईत आये. त्याची नोंद जगभरच्या संगणकांवर असती. ही निस्ती किल्ली. अन् ह्यो कागद म्हंजे किल्लीची आई. डबी फुटली, हरवली तर दुसरी आणायची, तिच्यात हे शब्द भरायचे, झालं. पण कागद बी गेला अन् डबी बी गेली, तर मग काय बी उरत न्हाई."

बनाबाईंनी मला उचललं होतं. हे ऐकल्यावर त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि तो कागद दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. मी हजारो रुपयांची, तो वहीचा फाटका कागद! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढे त्या कागदाचे लाड पाहायचे होते. त्याला कुठे ठेवायचं यावर तासभर खल झाला. कपाटात वाळवी, तांदळाच्या कणगीत उंदीर, देवघरात तेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात. शेवटी बनाबाई म्हणाल्या, "गोधडीत शिवते. चोर सगळं नेईल, गोधडी न्हाई न्यायचा." आपल्या जुन्या लुगड्यांची, पाहुण्यांसाठी ठेवलेली गोधडी त्यांनी पेटीच्या तळातून काढली. सोमनाथने प्लॅस्टिकची पिशवी आणली. "ते कुरकुर वाजतंय, कुणाच्या बी ध्यानात यील," म्हणत त्यांनी ती परत केली, आणि कागद मऊ फडक्यात गुंडाळून गोधडीच्या कोपऱ्यात, ठिगळाच्या आत, बारीक धावदोऱ्याने शिवून टाकला. मला थर्मामीटरच्या रिकाम्या खोक्यात कोंबून कपाटात टाकलं.

"प्रेरणाला सांगायचं का?" सोमनाथने विचारलं. ती तेव्हा नसरापूरला होती.

"कशाला? गुंजवण्याला म्हायेरी जाती, बोलता बोलता बोलून बसंल एखाद्या वक्ती. दोघांत हाय ते बरं हाय."

सोमनाथने मान खाजवली आणि बरं म्हणाला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जितक्या कमी जणांना ठाऊक तितकं चांगलं, असं माझ्याबरोबर आलेल्या माहितीपत्रकातच लिहिलेलं होतं.

त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी बनाबाई पेटी उघडायच्या आणि गोधडीचा तो कोपरा चाचपून बघायच्या. कपाटाच्या फटीतून मला दिसायचं. महिन्याला पैसे आले की काम मी करायचं, आकडा बरोबर आहे का ते मी दाखवायचं, आणि मायेचा हात मात्र त्याच्यावर. तो कागद ना हलत होता, ना बोलत होता. मी मनोमन म्हणायची, याचं वाटोळं होऊ दे.

आणि झालं की हो.

नवरात्राच्या आठ दिवस आधी बनाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भोरला गेल्या आणि बहिणीकडेच राहिल्या. इकडे दसरा काढायचा राहिला होता. घर सारवायचं, भांडी घासायची, घरातलं धुण्यासारखं सगळं नदीवर न्यायचं. बनाबाईंनी येऊन, डोळ्याला पट्टी लावून, गोधड्या बडवायला बसू नये म्हणून प्रेरणाने दोन दिवस रजा टाकली. कपाट पुसताना तिने मला काढून खिडकीत ठेवलं. तिथून मी पाहिलं. तिने पेटी उपसली, तळातली गोधडीसुद्धा काढली, टेम्पोत सगळ्या गोधड्या घातल्या आणि नदीवर गेली. सोमनाथ कानाला हेडफोन लावून डोंगर काढत बसला होता. त्याने वळूनही पाहिलं नाही.

मला आनंद झाला. लपवून काय करू? संध्याकाळी कुंपणावर त्या गोधड्या ओळीने वाळत होत्या, आणि मी खिडकीत बसून एकेकीकडे बघत सुखावत होते. आता या घरात माझ्याशिवाय कुणी नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बनाबाई काळा चष्मा लावून परत आल्या. घर बघून त्यांनी सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग पेटी उघडली. गोधडी स्वच्छ, घडी घातलेली. त्यांचा हात कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. प्रेरणा चहा ठेवायला आत गेल्यावर त्यांनी चार टाके उसवले. फडक्यात कागद नव्हता, निळसर लगद्याची वाळलेली गोळी होती. त्यांनी ती चष्म्याजवळ नेऊन निरखली. मग परत तिथेच शिवून टाकली आणि चहा प्यायला गेल्या.

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. बनाबाई रोज कपाट उघडून मला बघू लागल्या. थर्मामीटरचं खोकं जाऊन मला मखमलीची पिशवी मिळाली, त्यांच्या मंगळसूत्राची. मला वाटलं, उशिरा का होईना, माझी किंमत कळली. पण त्या माझा पडदा आणि बटणं परत परत तपासायच्या. एकदा मला उराशी धरून त्या पुटपुटल्या, "पोरीनं सवताच्या हातानं सवताची लॅब धुतली. कसं सांगू तिला? तू नीट ऱ्हा गं बाये." तेव्हा मला कळलं की ही माया नव्हे, भीती आहे. अर्धी भाकरी टाकून उठायच्या त्या. प्रेरणा विचारायची, "आत्या, डोळा दुखतोय का?" त्या म्हणायच्या, "व्हय, डोळाच."

एवढ्यात माझं उजवं बटण अडकायला लागलं. सोमनाथने वसीमला फोन केला, आणि दिवाळीआधी दारात दुसरं कुरिअर आलं. नवी डबी! मोठा रंगीत पडदा, काचेवर बोट फिरवायचं, बटणबिटण काही नाही. त्याने तिचंही सील तीन-तीनदा तपासलं. मी समोरच होते. इतक्या दिवसांचा माझा सगळा हेवा त्या कागदावर खर्च झाला असेल असं मला वाटत होतं, पण भरपूर शिल्लक निघाला.

रविवार होता. प्रेरणा घरीच, तांदूळ निवडत होती. सोमनाथने आईला हाक मारली.

"आये, गोधडी काढ. तू टाके उसवंस्तोवर ही जुनी पुसून टाकतो. मग कागदावरचे शब्द नवीत भरायचे."

त्याने माझा पिन दाबला, आत शिरला, आणि माझ्या पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसायचं का? हो म्हणायला उजवं बटण. त्याने दाबलं. अडकलं. परत दाबलं. देवाशपथ सांगते, मी काही केलं नाही, मला करताच येत नाही काही. ते बटणच तसं होतं. तो बटणाच्या कडेला नख घालू लागला आणि बनाबाई किंचाळल्या.

"सोमा, हात काढ तिच्यावरनं! कागद न्हाई गोधडीत. भिजला. दसरा काढताना भिजला."

सोमनाथचा हात हवेतच राहिला. प्रेरणाने ताट खाली ठेवलं.

"कसला कागद?" ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं अर्धवट तोडत सांगितलं. ऐकता ऐकता प्रेरणाचा चेहरा उतरत गेला.

"म्या धुतली ती गोधडी. दगडावर बडवून बडवून धुतली," ती म्हणाली. "ज्यादा मळली न्हवती, तरी धुतली, तुमच्या लुगड्यांची म्हणून. लॅब माझी म्हणता. अन् गोधडीला ठावं, त्या डबीला ठावं, मलाच न्हाई?"

तिने माझ्याकडे बोट केलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत माझा हेवा होता. माझा! दुसऱ्याला जवळ घेतात आणि आपल्याला बाजूला ठेवतात, तेव्हा पोटात जे जळतं ते मला चांगलंच ओळखू येतं. पहिल्यांदाच मला स्वतःची लाज वाटली.

"चूक तुझी न्हाई, बाय," बनाबाई रडायला लागल्या. "मीच तुला बाहेर ठिवून दार लावून घेतलं. परक्याची म्हणून न्हाई गं... आसंच करत आलोय आमी. माझ्या सासूनं बी मला कदी काय सांगितलं न्हवतं."

सोमनाथने वसीमला फोन लावला. डबी अजून चालते ना, मग घाबरू नको, वसीम म्हणाला. नवीत नवे शब्द बनव, आधी ते नीट लिही, मग जुनीतलं सगळं तिच्यात पाठव. आणि या खेपेला कागद नको. दुसऱ्या दिवशी तो भांड्यांवर नावं घालायचं मशीन आणि स्टीलची एक कोरी पट्टी घेऊन आला. पट्टीवर काय कोरायचं ते त्याने विचारलं नाही. मशीन कसं धरायचं ते दाखवलं आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

कोरलं प्रेरणाने. रक्ताच्या नळ्यांवर बारीक नावं लिहिणारा हात तो, एक अक्षर डगमगलं नाही. सोमनाथ शब्द वाचत होता, बनाबाई दाराशी बसल्या होत्या. दार लावायचं का, असं त्याने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "घरातली समदी आत हायेत. लाव."

मग माझी पाळी आली. सगळं त्या नवीकडे पाठवायचं, आणि सही माझी लागणार. माझ्या पडद्यावर सवतीचा पत्ता उमटला. सोमनाथने तो दोनदा पडताळला आणि मला प्रेरणाच्या हातात दिलं. तिने उजवं बटण दाबलं. पहिल्यांदा अडकलं, दुसऱ्यांदा लागलं. साठवलेलं सगळं माझ्या हाताखालून निघून गेलं. वाईट वाटलं का? फार वाटलं.

आता मी रिकामी आहे. पट्टी प्रेरणाने ठेवली आहे, कुठे ते तिघांनाही ठाऊक आहे, आणि मी सांगणार नाही. आज जेवणं झाली की ती मला पुसून टाकणार आहे, आणि पट्टीवरचे शब्द माझ्यात भरून बघणार आहे, कोरताना एखादा चुकला तर नाही ना म्हणून. म्हणजे यापुढे माझ्या पोटात त्या रंगीत पडद्यावालीचंच गुपित. तिची राखीव म्हणून मी थर्मामीटरच्या खोक्यात परत. पुसल्यावर मला यातलं काही आठवायचं नाही, म्हणून घाईने सांगितलं.

तुम्ही वॉलेट निवडायला बसाल तेव्हा सील बघा, बनवणारा बघा, वसीमने सांगितलं ते सगळं करा. पण त्याआधी उठा, तुम्ही शब्द जिथे लपवलेत तिथे हात घालून ते अजून आहेत का बघा. आणि ज्याच्यासाठी साठवताय त्याला ती जागा दाखवा. मी हे सांगतेय, जिला दुसऱ्याला काही मिळालेलं बघवत नाही.

प्रेरणा हात पुसत येतेय. मघाशी बनाबाईंनी तिला हाक मारून सांगितलं, "हिला हळू धर गं. त्या येळंला हिच्याबिगर कोण न्हवतं मला." पुसलं जाण्याचं मला काही नाही. फक्त तेवढं एक वाक्य त्या नवीला कुणी सांगू नका.