दोन टिंबांची ओळ

रावजींनी कळफलक चाचपला आणि पडद्याकडे न पाहताच दोन कळा दाबल्या. निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची यादी उमटली. दृष्टी अधू झाल्यापासून त्यांना ती वाचता येत नव्हती. बोटे मात्र काही विसरली नव्हती.

“वर्डस्टार,” ते म्हणाले. “टायपिंगचा जुना प्रोग्राम. माऊस नाही, चित्रं नाहीत. तुम्ही आणि अक्षर, मध्ये लुडबुड करणारं कुणी नाही.”

देवनागरीचे कार्ड बसवलेला हा संगणक वीसेक वर्षे माळ्यावर पडून होता. पेणला नोंदणी कचेरीसमोरच्या टपरीत रावजींनी त्याच्यावर शेकडो दस्त टाइप केले होते. वडिलांचा वेळ जावा म्हणून मृणालीने तो पनवेलहून दुरुस्त करून आणला होता. आज त्याला वेगळेच काम लागले होते.

सकाळीच तिची आत्या मनुबाई आल्या होत्या. उधाणाचे पाणी त्यांच्या घरात शिरू लागले होते. मिठागराच्या बांधालगत बापाची जमीन होती. तिच्या कोपऱ्यात एक खोली बांधू दे, एवढेच त्यांचे मागणे होते. रावजींनी नाही म्हटले होते. मनूने आपला हक्क लिहून सोडला होता, आणि पुढच्या महिन्यात तिथे मृणालीच्या घराचा पाया खोदायचा होता.

“आंगठा माजाच आसंल, दादा,” मनुबाई उंबऱ्याशी बसून म्हणाल्या. “पन कंदी दिला त्ये आठवत न्हाय. एकदा आयकव मना.”

“ऐक की. कागद कपाटात सापडत नसेल, पण यातून काही हरवत नाही. मृणाली, यादीत मनू शोध.”

नाव सापडेपर्यंत ते बोलत राहिले. इतके खुशीत मृणालीने त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

“याची एक गंमत होती. ओळीच्या आधी दोन टिंबं दिली की ती ओळ पडद्यावर दिसायची, कागदावर उतरायची नाही. काम कुणाचं, कागद कधी न्यायचा, कुणाला काय सांगायचं, सगळं मी तिथंच लिहून ठेवायचो. वकील म्हणायचे, रावजीचं डोकं या पेटीत आहे.”

“म्हंजी चोरखिसाच,” मनुबाई म्हणाल्या, आणि दोघे भावंडे हसली.

मृणालीने दस्त उघडला. हक्कसोडपत्र. ती मोठ्याने वाचू लागली. लिहून घेणार रावजी, लिहून देणार मनुबाई. चतुःसीमा. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.’ मनुबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, देवळात पोथी ऐकावी तशा.

पुढची ओळ दोन टिंबांनी सुरू होत होती.

.. मनूने विचारले, कसला कागद. रेशनकार्डाचा सांगितले. कचेरीत साहेबांनी विचारल्यास फक्त व्हय म्हणायचे, हेही सांगितले. तिने पुन्हा विचारल्यास हेच सांगणे.

मृणालीचा आवाज थांबला. तिने ओळ पुन्हा वाचली, मनातल्या मनात. शब्द तेच राहिले. शेवटचे वाक्य वडिलांनी स्वतःसाठी लिहिले होते, विसरू नये म्हणून.

“का गं थांबलीस?” रावजींनी विचारले.

त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, आणि मग हळूहळू उतरले. घसा खाकरून ते अगदी कामाच्या आवाजात म्हणाले,

“कंट्रोल धर आणि वाय दाब. ओळ जाते.”

मृणालीचे बोट कळेपर्यंत गेले. पडद्यावरची खूण ओळीच्या टोकाशी लुकलुकत होती.

“काय गावलं गं चोरखिशात?” मनुबाईंनी उंबऱ्यावरून विचारले. त्या अजून हसतच होत्या.

रावजींचा हात कळफलकाकडे आला. मृणालीने कळफलक त्यांच्या बोटांखालून ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला.

“बाबा, थांबा.”

मग जिथे थांबली होती तिथूनच ती मोठ्याने वाचू लागली.

“टिंब, टिंब. मनूने विचारले...”