पोपटात टेकलेली जीभ

डोळे मिटू नका. मिटलेत तर वाचाल कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुमच्या हातात पत्त्याएवढं एक कार्ड आहे. पुढे छापलंय, ‘कांगारूचं पिल्लू कुठे वाढतं?’ कार्ड उलटलंत. मागे उत्तर : ‘पिरॅमिडमध्ये.’

हे वाचून भिंगरी छापखान्याच्या फरशीवर गडाबडा लोळायला लागली. भिंगरी नऊ वर्षांची आणि छापखाना तिच्या बाबांचा. आजोबांनी किल्ल्या हाती दिल्यावर बाबांनी घेतलेलं हे पहिलंच काम होतं : नव्या वाचनालयासाठी प्रश्नांची दीडशे कार्डं. उद्घाटन चारला. घड्याळात तीन वाजले होते.

“दात काय काढतेस? दे इकडे,” म्हणत बाबांनी दुसरं कार्ड उचललं. ‘इजिप्तच्या राजांना मेल्यावर कुठे ठेवत?’ मागे : ‘आईच्या पोटावरच्या पिशवीत.’

बाबा मटकन स्टुलावर बसले. “ताई! तू तपासलं होतंस ना?”

“म्हणजे काय!” आत्या फणकारली. “बुद्धांना बोध कोणत्या झाडाखाली झाला? पिंपळाच्या. बरोब्बर! प्रत्येक कागदावरचं मधलं कार्ड डोळ्यांत तेल घालून पाहिलंय मी.”

“फक्त मधलं?”

“मग सगळी बघत बसू? मला दुसरे उद्योग नाहीत?”

भिंगरीनं न कापलेला एक कागद उचलला. एका ओळीत तीन कार्डं. तुम्हीही एक कागद घ्या. डाव्या बाजूला लाल ठिपका काढा, उजव्या बाजूला निळा. आता पुस्तकाचं पान उलटतो तसा कागद उलटा. लाल ठिपक्याची पाठ कुठे गेली? उजवीकडे! बाबांनी मागची उत्तरं पुढच्या प्रश्नांच्याच क्रमानं लावली होती. त्यामुळे डाव्याचं उत्तर उजव्याच्या पाठीवर बसलं, उजव्याचं डाव्याच्या. मधलं तेवढं जागच्या जागी राहिलं.

“आता पुन्हा छापायला वेळ कुठला?” बाबा पुटपुटले. “पहिलंच काम, आणि तेही गेलं.”

“बाबा, उत्तरं हरवली नाहीत काही,” भिंगरी म्हणाली. “शेजारी राहायला गेलीत! चला, मला सुचलंय एक.”

वाचनालयाच्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी एक कार्ड वाचलं, उलटलं, परत वाचलं. “हे काय आहे?”

“चूक झाली, बाई,” बाबा म्हणाले. “माझीच.”

“पण पाच मिनिटं द्या ना, बाई!” भिंगरी मध्येच घुसली. आणि बाईंनी हो म्हणायच्या आत तिनं उद्घाटनाला जमलेल्या मुलांना कार्डं वाटूनही टाकली. “ज्याच्याकडे तुमचं उत्तर आहे, त्याला शोधा. पळा!”

मग काय विचारता!

“ए, माझं पिल्लू कुणाकडे आहे?”

“माझे राजे पिशवीत बसलेत, काढा कुणीतरी!”

“माझा राक्षस जीव कुठे लपवतो माहितेय? टाळूवर!”

बाईंच्या हातातल्या कार्डावर होतं, ‘ट, ठ, ड म्हणताना जीभ कुठे टेकते?’ मागे : ‘सात समुद्रांपलीकडच्या पोपटात.’ बाई गंभीरपणे “ट... ठ... ड...” म्हणून बघायला लागल्या, आणि तिसऱ्या अक्षराला त्यांना असं हसू फुटलं की चष्मा गळ्यात आला. मग राक्षसवाल्या मुलाच्या मागे त्याही धावल्या.

“पुढची कार्डंही तुम्हीच छापा,” धापा टाकत त्या बाबांना म्हणाल्या. “आणि अशीच हवीत. सरळ छापलीत तर परत पाठवीन!”

बाबांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात एकदा चाचपला आणि तेही हसले.

तेवढ्यात कोपऱ्यातून भोकाड ऐकू आलं. एक मुलगी ऑक्टोपसचं कार्ड घेऊन रडत होती. “ऑक्टोपसला हृदयं किती? तीन! माझं बरोबरच आहे! मी कुणाला शोधू?” तिच्या शेजारी पिंपळवाला मुलगाही रडवेला होऊन उभा.

भिंगरीनं बाईंच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, दोन्ही कार्डांवरची बरोबर उत्तरं खोडली, हिचं त्याच्या कार्डावर आणि त्याचं हिच्या कार्डावर लिहिलं, आणि दोघांना दोन टोकांना उभं करून ओरडली, “पळा!”