सर्वांत खालची रेघ

देवयानीने आलेखाची खिडकी चौथ्यांदा बंद केली आणि कीबोर्ड पुढे ढकलला. रंगांच्या खुणांची चौकट नेमकी रेघांवरच येऊन बसत होती. ती हलवावी, तर अक्षावरचे आकडे गायब. नॉटिंगहॅमच्या विद्यापीठात संख्याशास्त्राची चार वर्षे नोकरी झाली, पण इतका छळवादी प्रोग्राम तिने पाहिला नव्हता. आणि तो तिनेच लिहिला होता, कारण हवे तसे तयार काही मिळाले नव्हते.

दारात यतीन उभा राहिला. तो प्रकल्पाचा प्रमुख, लंडनजवळच्या पिनरमध्ये जन्मलेला. मोडकीतोडकी का होईना, मराठी हौसेने बोलायचा.

“देवयानी, तीन वाजता माझा मीटिंग आहे. ही खालचा लाइन असा का पडतो?”

“डेटात काहीतरी घाण आहे म्हणून. बघतेय ना मी!”

“कमिटीला क्लीन पिक्चर पाहिजे, ओके?”

सहा ते बारा महिन्यांच्या बाळांच्या वजनाच्या पाच रेघा होत्या, एक्स्पेक्टाइल नावाच्या संख्याशास्त्रीय पद्धतीने काढलेल्या. ही पद्धत नुसती डोकी मोजत नाही. कोण किती मागे पडले आहे, तेही मोजते. त्यामुळे एखादे फारच हलके बाळ सर्वांत खालची रेघ आपल्याबरोबर ओढून नेते. आठव्या महिन्यापाशी ती तशीच वाकली होती. नाजूक बाळांच्या घरी हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे घरोघरी जाऊन बाळे तपासणाऱ्या नर्सने, दर आठवड्याला जायचे की ते बंद करायचे, हे कमिटी याच रेघेवरून ठरवणार होती.

घोडे कुठे पेंड खाते आहे, ते अर्ध्या तासात सापडले. एका क्लिनिकात वजने पौंडांत लिहीत. तिच्या कोडने त्यांचे किलो केले होते. पण काही नोंदी मुळातच किलोत होत्या, त्यांनाही कोडने भागून टाकले. अशा सात निघाल्या. शेवटची आठ महिन्यांच्या एका मुलीची, मूळ आकडा नऊ, कोडने केलेला चार. आठ महिन्यांचे बाळ आठ-नऊ किलोचे असते, हे शेंबडे पोरही सांगेल. तिने सातही दुरुस्त केल्या, शहानिशेसाठी क्लिनिकला ईमेल टाकला आणि कोड चालवला. रेघ शहाण्यासारखी वर गेली. चित्र भरदार दिसावे म्हणून तिने उभा अक्ष पाच किलोपासून सुरू केला आणि यतीनला पाठवून दिले. सुटलो एकदाचे!

अडीचला फोन वाजला. त्या क्लिनिकातल्या हेल्थ व्हिजिटर श्यामलाताई होत्या.

“सहा बरोबर पकडल्यास गं. सातवी मात्र पौंडातच आहे.”

“अहो ताई, आठ महिन्यांचं बाळ आणि चार किलो? जरा नीट बघा ना.”

“मी स्वतः दोनदा काट्यावर ठेवलंय तिला. सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलीय. उद्या जायचंय मला तिच्याकडे.”

फोन ठेवल्यावर देवयानीला स्वतःचाच संताप आला. विचारायच्या आधीच तिने त्या मुलीला पाच किलो चढवले होते. तिने नोंद पूर्ववत केली. रेघ पुन्हा वाकली, आणि या वेळी पाचापासून सुरू होणाऱ्या आलेखाच्या तळाखाली निघून गेली.

आलेख बदलावा लागेल, हा तिचा नवा ईमेल वाचून यतीन धावत आला.

“अगं, आधीचा किती छान होता!”

“तो टाकून दे. चुकीचा आहे.”

“पण लाइन परत पडणार.”

“पडू दे,” ती म्हणाली, आणि उभ्या अक्षाच्या सुरुवातीचे पाच खोडून तिने तिथे तीन लिहिले. रेघ पूर्ण दिसू लागली.