एक शुद्ध वाक्य

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझ्या सासूपासून तालुक्याच्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी मला सांगून झालंय. मी उज्वला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात त्या पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात एकवीस वर्षं नर्स आहे. लोक तोंडावर सिस्टर म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे. तेव्हा आज काही झाकून सांगणार नाही. तोंड सांभाळायची वेळ होती तेव्हाच ते सांभाळलं नाही, आता सांभाळून काय उपयोग?

आमच्या गावाबाहेर, कॅनॉलच्या पलीकडे एक वस्ती आहे. पेठ-सुरगाण्याकडची कोकणा आदिवासी माणसं. पूर्वी द्राक्षाच्या छाटणीला यायची आणि काढणी झाली की जायची. आता साठ-पासष्ट घरं बाराही महिने तिथंच आहेत. आमच्या मळ्यांतला फ्लॉवर, कोथिंबीर, द्राक्षं त्यांच्याच हातांनी नाशिकच्या बाजारात पोचतात. पण त्या वस्तीला आशा, म्हणजे घरोघर जाऊन लसी-बाळंतपणं बघणारी आरोग्य कार्यकर्ती, टिकत नव्हती. पहिली भाग्यश्री. शिकलेली, चांगल्या घरची सून. तीन महिन्यांत माझ्यापुढे येऊन रडली. म्हणाली, "सिस्टर, मी दारात गेले की बाया आत निघून जातात. मी काय भिंतीशी बोलू?" दुसरी तर दोनच महिने राहिली. लसीकरणाच्या दिवशी वस्ती अशी रिकामी व्हायची की वाटावं इथं कुणी लेकरं जन्माला घालतच नाही.

मग मला झुंबर दिसली. त्याच वस्तीतली, आश्रमशाळेत दहावी झालेली, दोन मुलांची आई. माझ्यासमोर एका घाबरलेल्या बाईला ती हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मला त्यातलं चार आणे कळलं, पण त्या बाईने मूल माझ्या हातात दिलं. मी तेव्हाच ठरवलं, हीच.

ग्रामसभेत सरपंच पुंजाभाऊ उठले. "सिस्टर, गावात सुना काय कमी हायेत का? ही तर बाहेरची."

"आठ वर्षं तुमचे मळे करते, तेव्हा नव्हती ती बाहेरची?" मी म्हणाले. "तिचं रेशन इथलं, तिचं मत इथलं. मत मागायला कॅनॉल ओलांडून जाता तेव्हा विचारता का, बाई तू कुठली म्हणून?"

सभा हसली. पुंजाभाऊही हसले, माणूस वाईट नाही. ठराव झाला. मी घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं की आज मी सभा कशी गप्प केली. झुंबर माझी होती. मी आणलेली, मी भांडून आणलेली. इथंच माझी चूक सुरू झाली असावी.

काम तिने असं केलं की बघत राहावं. चार महिन्यांत वस्तीतली सगळी मुलं लसीला. गरोदर बाया तिचा पदर धरून दवाखान्यात यायच्या. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाने बाळ बघायला जायचं असतं, ती न सांगता रोज जायची. पण बोलणं! महिन्याच्या मीटिंगला पंचवीस आशा बसलेल्या, आणि ही उठून वाचते, "बाळंतिणीचा पोसा बरा आहा."

"पोसा? कुणी पोसायचा गं त्याला?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खो खो हसल्या. त्यांच्याकडे मुलाला पोसा आणि 'आहे'ला आहा म्हणतात, एवढंच. हसणाऱ्यांना गप्प करायचं सोडून मी झुंबरवरच घसरले. "अगं, आधी नीट मराठी शिक, मग रिपोर्ट वाच. बाळ म्हण, नवजात म्हण. मला फोन करतेस तेव्हाही नीट शुद्ध बोलायचं. तुला मी आणलंय, लोक मला हसतात."

ती खाली बसली. "हो सिस्टर," एवढंच म्हणाली.

मी असं का बोलले, ते मला चांगलं माहीत होतं, तेव्हाही. मी सटाण्याकडची. आमच्या घरात अहिराणी. नाशिकला नर्सिंगला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, पेशंट कसा आहे? मी म्हणाले, "बरा शे." वर्गात हशा पिकला. पुढे वर्षभर पोरी मला 'शे' म्हणूनच हाक मारायच्या. "ए शे, पाणी आण." मी रात्रंदिवस घोकून ती भाषा जिभेवरून खरवडून काढली. आजही आईचा फोन आला की मी उपकेंद्राच्या मागे जाऊन बोलते. मला वाटायचं मी जिंकले. आणि ज्या दगडाने मला मारलं तोच मी जपून ठेवला होता, झुंबरला मारायला.

त्यानंतर झुंबरचे फोन कमी झाले. मेसेजवर नुसता अंगठा यायचा. रिपोर्ट मात्र असे लिहून यायचे की एक चूक नाही. मी खूश! चला, सुधारली पोरगी, असं मी डॉक्टरसाहेबांना सांगितलंसुद्धा. मूर्ख मी.

रूपाली म्हणजे वस्तीतल्या बारकूची बायको. तिचा पोसा, पहिलाच मुलगा, जानेवारीतला. पाच दिवसांचा झाला तेव्हा कडाक्याची थंडी पडली होती. सकाळी साडेअकरा वाजता मी उपकेंद्रात रजिस्टर भरत होते आणि झुंबरचा फोन आला. कितीतरी दिवसांनी. आवाज सपाट, शाळेत धडा वाचतात तसा.

"सिस्टर, रूपालीचे नवजात बाळ सकाळपासून स्तनपान करत नसून त्याचे शरीर थंड लागत आहे."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "अरे वा, झुंबर!"

ते तोंडातून गेलं आणि मग वाक्याचा अर्थ डोक्यात शिरला.

गाडी बोलावली. मी धावत कॅनॉल ओलांडून गेले. झुंबर बाळाला रूपालीच्या उघड्या छातीशी धरून, वरून तीन लुगडी गुंडाळून बसलेली. सगळं जसं शिकवलं तसं. बाळाचं तोंड निळसर पडलं होतं. गाडीत मी, रूपाली, झुंबर. नाशिकच्या द्वारका चौकात नेहमीची गर्दी, सायरन ओरडतोय आणि पुढचा टेम्पो हलत नाही. मी खिडकीतून हात काढून शिव्या घातल्या. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी जिवापाड प्रयत्न केले, खोटं का बोला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं. बारसंही झालं नव्हतं. कागदावर नाव होतं, 'रूपालीचे बाळ'.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दूध सोडल्याचं कुणाच्या लक्षात कधी आलं? दोन-तीन तास आधी आणलं असतं तर आशा होती."

मी व्हरांड्यात झुंबरला गाठलं. "तू किती वाजता गेली होतीस रूपालीकडे?"

"नऊला."

"नऊला! आणि मला फोन साडेअकराला? अडीच तास काय करत होतीस गं तू?"

तिने पिशवीतून डायरी काढली, पान उघडलं आणि माझ्या हातात दिलं.

पानावर वरच्या ओळीत होतं, 'पोसा दूध पे नीही. आंग थंडा आहा.' ते खोडलं होतं. खाली, 'बाळ दुध पेत नाय.' खोडलं. 'बाळ दूध पित नाही व आंग.' खोडलं. 'शरिर'. खोडून 'शरीर'. मग प्रशिक्षणाच्या पुस्तकातून उतरवलेला एक शब्द, तीनदा गिरवलेला, 'स्तनपान'. सगळ्यात खाली ते वाक्य, जे तिने मला वाचून दाखवलं होतं.

"मास्तरांना विचारायला शाळेत गेलते," ती हळूच म्हणाली. "मास्तर नव्हते. मग पुस्तकात पाह्यलं. आधी रूपालीच्या छातीशी लावला व्हता त्याला, सिस्टर. तसाच नाय टाकला."

"अगं पण नुसतं ये म्हणायचंस! नुसतं रडली असतीस तरी मी आले असते!"

"तुमाला लोक हसतील म्हून," झुंबर म्हणाली.

मी तिथंच बाकावर बसले. ते पान पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं.

बाळ दगावलं की एक फॉर्म भरावा लागतो. उशीर कुठे झाला, घरात, वाटेत की दवाखान्यात, आणि कशामुळे झाला, ते लिहायचं असतं. आठवड्याने आमचे डॉक्टरसाहेब तो घेऊन बसले. दमलेला माणूस, चार गावं एकट्याने बघतो. "सिस्टर, सरळ आहे. आशाने उशिरा कळवलं, असं लिहा. तिला कमी करू, पुंजाभाऊंकडून कुणी गावातली सून मागून घेऊ. तसाही तिने राजीनामा दिलाच आहे."

त्यांनी तो कागद सरकवला. मी वाचला. चार ओळींचा. एकही चूक नव्हती. असा शुद्ध कागद आमच्या दवाखान्यात कुणी लिहिला नसेल. तो वाचून मला भडभडून आलं.

"साहेब, पेन द्या," मी म्हणाले, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आशाने नऊ वाजता धोका ओळखला, बाळाला ऊब दिली. कळवण्यास अडीच तास उशीर झाला, कारण तिने स्वतःच्या भाषेत बोलू नये अशी तंबी उपकेंद्राच्या नर्सने तिला सर्वांसमोर दिली होती.' खाली माझं नाव, माझी सही.

"वेड लागलंय का? तुमची चौकशी लागेल."

"लागू द्या."

ती लागली, अजून चालू आहे. त्याचं काही नाही. राजीनामा मात्र मी उचलून पर्समध्ये घातला आणि वस्तीवर गेले.

झुंबर दारात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. उठली नाही. मी खाली, मातीतच बसले. म्हणाले, "झुंबर, चूक माझी. फॉर्मवर तसं लिहिलंय. तू परत ये. तुला हवं तसं बोल, मी शिकेन." तिने मान वर केली नाही. जुडीला सुतळीचा फास देत राहिली. शेजारच्या दारातून रूपाली आमच्याकडे बघत होती. तिला बघून माझी मान आपोआप खाली गेली. तीच पुढे आली आणि माझ्याशी नाही, झुंबरशी बोलली, त्यांच्या भाषेत, हळूहळू. झुंबरच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. ती काय म्हणाली, असं मी विचारलं.

मग झुंबर म्हणाली, "ती म्हणते, माझा पोसा तू धरला व्हता. दुसरी कोणी आली तर मी दार नाय उघडायची."

पण येते असं झुंबर म्हणाली नाही. मी उठून आले.

पुढच्या मीटिंगला तिची जागा रिकामी होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मनं नाव उज्वला शे." मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी दुसऱ्यांदा म्हणाले, "मनं नाव उज्वला शे. आमच्या घरात असंच बोलतात. आता हसा." कुणी हसलं नाही. मग मी त्यांना डायरीतलं ते पान सांगितलं, ओळीनं ओळ.

तीन आठवडे गेले. फेब्रुवारी संपत आला होता, द्राक्षांची काढणी जोरात. दुपारी जेवायला डबा उघडला आणि फोन वाजला. झुंबर.

मी उचलला. पलीकडून नुसता धापांचा आवाज, मग शब्दांचा लोंढा. वाक्य नाही, व्याकरण नाही. कुणाची तरी पोशी, म्हणजे मुलगी, रगत, आणि मग आहा, आहा. माझ्या तोंडून आपसूक आईची भाषा निघाली. "बोल वं बहीण, बोल!" ती बोलत राहिली. मला निम्मंसुद्धा कळलं नाही.

पुन्हा सांग असं मी म्हटलं नाही. डबा तसाच उघडा टाकला, गाडीला फोन लावला आणि कॅनॉलकडे पळत सुटले.